कणसे सरांचा हात

"मी कराडहून आले. कणसे सरांची सून, शैलजा," दारातली बाई म्हणाली, आणि माझ्या हातातलं ताट तिरकं होऊन निवडलेली अर्धी मूगडाळ उंबऱ्यात सांडली.

ती डाळ गोळा करायला खाली वाकली. मी नाही वाकले. हिला दारातल्या दारात पाणी देऊन वाटेला कसं लावायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"सरांनी व्हॉल्व्ह पाठवलेत," हातातला स्टीलचा डबा सावरत ती म्हणाली. "तुमचा रेडिओचा सेट इतके दिवस बंद आहे. सर म्हणाले, बघून ये. काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. त्यांना काय होतंय!"

"मग भेटते त्यांना. त्यासाठीच आले मी."

"अहो, पण ते आत्ता बाहेर..." मी म्हणते आहे तोवर आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "सुली, माझा चष्मा कुठं ठेवलास?" शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी असा आवाज. शैलजा माझ्याकडे बघून हसली आणि चपला काढून आत आली. झालं.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण मी एवढी का घाबरले होते, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

आमचे हे, भूपाल मगदूम, मिरज स्टेशनात तारबाबू होते. घर जयसिंगपूरला. दिवसभर स्टेशनात कडकट्ट करून त्यांचं पोट भरत नसे म्हणून घरी येऊन पुन्हा तेच. हॅम होते ते. म्हणजे सरकारी परवाना घेऊन घरातून रेडिओवर गावोगावच्या, देशोदेशीच्या माणसांशी बोलणारे हौशी लोक असतात, त्यांतले एक. बोलायचं तेही तोंडानं नाही, तारेच्या खटक्यावर, मोर्समध्ये. सेट अमेरिकन, काचेच्या व्हॉल्व्हचा, आमच्या लग्नाहून थोडाच धाकटा. ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं जाताना ह्यांना देऊन टाकला होता. पाठवायचं आणि ऐकायचं, दोन्ही त्या एकाच पेटीत. पेटी इतकी जड की जागेवरून हलवायची तर शेजारच्यांना बोलवावं लागे. मला लग्नात शालू मिळाला त्याला कधी डांबरगोळी मिळाली नाही, पण सेटवर मात्र मलमलीचं फडकं, आणि ते रोज झटकायचं.

सेट उघडायचा म्हणजे तर पूजाच. आधी प्लग काढायचा. मग लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं आत साठून राहिलेला करंट उतरवायचा. आणि मग डावा हात खिशात घालून उजव्या हातानं काम करायचं. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला तर तो छातीतून आरपार जातो, म्हणून. घरी हे लेंगा घालत, त्याला खिसा नसे. त्यामुळे सेट उघडायच्या दिवशी हे खास पँट चढवत. गल्लीतल्या बायका विचारत, "आज काका पँट घालून कुठं गावाला निघाले?" मी म्हणे, "कुठं नाही, सेट उघडलाय."

असा माणूस, आणि रिटायर झाल्यावर त्याचे कान गेले. हळूहळू नाही, एका पावसाळ्यात दोन्ही. कानाला मशीन लावून बघितलं, त्यात नुसती शिट्टी वाजे. हे ठार बहिरे झाले. मी रडले, ते रडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "हे कुणाला कळता कामा नये. रेडिओवाला बहिरा! लोक दात काढतील." आणि सेटवरचं फडकं काढून मला म्हणाले, "बस."

मला मोर्स येत होतं, ते ह्यांनीच शिकवलेलं. लग्न झालं तेव्हा घर माणसांनी गच्च भरलेलं. सासूबाईंच्या समोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. मग ह्यांनी मला तारेची भाषा शिकवली. छोटा दाब, लांब दाब, इंग्रजी अक्षरं आणि मराठी बोलणं. मी ताट ठेवताना हे माझ्या मनगटावर हळूच बोट दाबून सांगत, आमटी झकास झालीय. तोंडानं हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नाही, बोटानं मात्र कितीदा तरी. कान गेल्यावर उलटं झालं. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी राहायची आणि कोण काय म्हणतंय ते त्यांच्या खांद्यावर दाबून सांगायची. लोकांना वाटे, काकूंचा काकांवर फार जीव, सारखा खांद्यावर हात. जीव होताच, पण बोटं त्यासाठी नव्हती.

तर परवाना ह्यांच्या नावाचा, सेट ठाकठीक ठेवायचं काम ह्यांचं, आणि खटक्यावर हात माझा. कायद्यात ते बसत नव्हतं. पण मला त्याची कधी टोचणी लागली नाही, आता खोटं कशाला बोलू.

कणसे सर कराडला शाळेत विज्ञान शिकवत. त्यांची आणि ह्यांची हवेतली दोस्ती जुनी, भेट मात्र एकदाही नाही. हॅम लोकांचं असंच असतं. चेहरा माहीत नसतो, हात माहीत असतो. खटका दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी. नाव कळायच्या आधी हात ओळखू येतो. मी बसायला लागले तेव्हापासून मला कणसे सरांचा हात पाठ झाला होता. लांब ठोका किंचित ओढलेला, आणि शब्द संपला की क्षणभर थबकायचं, पुढचं सांगू की नको असं. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळेला हाक यायची, "सुप्रभात मगदूम. गुडघा कसा आहे?"

सुरुवातीला हे सांगत आणि मी पाठवत असे. मग ह्यांना कंटाळा आला. "तूच बोल काय ते," म्हणून पेपर घेऊन बसायला लागले. पुरुष होऊन बोलायचं मला अवघड जाईल असं वाटलं होतं. पण पुरुष एकमेकांशी हवा, गुडघे आणि सेट ह्यांच्यापलीकडे काही बोलतच नाहीत, त्यामुळे ते फारच सोपं निघालं. पुढे मात्र आम्ही खरंच बोलायला लागलो. सरांचा मुलगा हायवेवर अपघातात गेला. सरांनी ते दोन ओळींत सांगितलं आणि मी त्या दिवशी जेवले नाही. मला मूलबाळ नाही, बहिणी लांब, घरात माणूस एक आणि तोही बहिरा. कणसे सर हा माझा एकुलता एक मित्र होता. आणि त्यांना वाटत होतं, आपण मगदूमशी बोलतोय.

मुलगा गेल्यावर पुढच्या थंडीतली गोष्ट. एका सकाळी सरांनी पाठवलं, "उद्यापासून मी नसेन. सेट बंद करतोय. आजवर सोबत केलीत. नमस्कार."

वय झालं, झेपत नसेल, म्हणून सेट बंद करत असतील, असं कुणालाही वाटलं असतं. पण तो हात! ते थबकणं नव्हतंच. ठोके नुसते धावत होते. काहीतरी बिनसलं होतं. कुणाची समजूत घालणं मला जमत नाही. देवाधर्माचं बोलणं त्याहून जमत नाही. मी घाईघाईनं पाठवलं, "सर, थांबा. आमच्या सेटमध्ये बिघाड झालाय. तुमच्याशिवाय कुणाला कळणार? आत्ताच बघू या."

सेटला काही एक झालेलं नव्हतं.

कितीतरी वेळ नुसती खरखर. मग उत्तर आलं, "काय होतंय?"

मी ठोकून दिलं, "जोर मध्येच कमी होतो." सर म्हणाले, अमुक ठिकाणी व्होल्टेज मोजा. मी ह्यांच्या खांद्यावर दाबलं. हे पेपरातून डोकं काढून ओरडले, "कशाला? सेटला काय धाड भरलीया? ठणठणीत हाय की!" मी परत दाबलं, मोजा म्हणते ना. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, पेपरची घडी घातली, आत जाऊन पँट चढवून आले आणि झाकण काढलं. त्यांनी आकडा सांगायचा, मी पाठवायचा, सरांनी विचार करायचा आणि पुढची जागा सांगायची. असं दुपारपर्यंत चाललं. नसलेला बिघाड सापडणार कुठून! शेवटी सरांनी पाठवलं, "उद्या पुढचं बघू."

त्या 'उद्या'साठी मी सकाळपासून उपाशी बसले होते. तो बिघाड मी चांगला महिनाभर पुरवला. मग एके दिवशी सरांनी आपण होऊन काहीतरी थट्टा केली, तेव्हा कुठे मी तो दुरुस्त झाल्याचं कळवलं.

आणि आता त्यांची सून आमच्या ओसरीवर उभी होती. हे बहिरे आहेत हे तिला कळलं, की सरांना कळणार. इतकी वर्षं बोलली ती मगदूमची बायको, हेही कळणार. मग हा शिस्तीचा मास्तर मला कशाला पुन्हा हाक मारतोय! ह्यांची अब्रू जाईल ते वेगळंच. पण खरं सांगायचं तर माझी रोजची सकाळ जाईल, ह्याचीच मला भीती वाटत होती.

मी धावत जाऊन ह्यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. शैलजा आली ती सरळ ह्यांच्या पायाशी वाकली. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले.

"काका, त्या वेळी तुम्ही सरांना थांबवलंत," ती म्हणाली. "किती वर्षं मनात होतं, एकदा येऊन पाया पडावं."

मी खांद्यावर भराभरा दाबलं: कणसे सरांची सून. व्हॉल्व्ह आणलेत. बिघाडाचे आभार मानतेय.

"त्यात काय एवढं!" हे गरजले. "सर माझं जुनं दोस्त. बस बस. सुली, पोरीला च्या टाक."

माझ्या वाटचे आभार ह्यांच्या पायांवर पडले. मला रागच आला, नाही कशाला म्हणू. आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, त्यांच्या हातांकडे बघत होती. पोथी वाचल्यासारखं निरखून बघत होती.

"पण काका, तो बिघाड शेवटी होता कुठं?" तिनं विचारलं. "तुम्ही नुसतं निघाला म्हणालात. कुठं ते सांगितलंच नाहीत."

मी तिचा प्रश्न दाबला. माझं बोट घसरलं, परत दाबलं. हे तोवर छताकडे बघत आठवल्यासारखं करत राहिले.

"तो व्हय? एक जोड सुटला हुता आतला."

"कुठला?"

"अहो, आधी व्हॉल्व्ह बघा की," मी मोठ्यानं म्हटलं आणि तिच्या हातातला डबा ओढून ह्यांच्या मांडीवर ठेवला. आत कापसात गुंडाळलेले जाडजूड दोन व्हॉल्व्ह होते. लेकराचं तोंड पाहावं तसे हे ते उजेडात धरून बघायला लागले. आमचे असलेच दोन व्हॉल्व्ह म्हातारे होऊन गेले होते आणि तसले आता कुठं मिळत नव्हते. मुंबईच्या जुन्या बाजारातसुद्धा नाही.

"सर म्हंजे सर!" असं म्हणून हे पँट घालायला आत गेले.

आम्ही दोघीच उरलो. मी चहा गाळत विचारलं, "सर कसे आहेत?"

"बरे आहेत."

"खोकला?"

"आहे तसाच."

"त्यांनी तुमच्याबद्दल कधी काही सांगितलं नाही हो. मुलाचं सांगितलं, पण घरात सून आहे, तिचं नाव काय, काही नाही."

"मी काय सांगण्यासारखी आहे, काकू," ती म्हणाली आणि कपबशीतला चहा न पिता नुसता फुंकत राहिली.

हे पँट घालून आले. प्लग काढला, करंट उतरवला, डावा हात खिशात. जुने व्हॉल्व्ह निघाले, नवे बसले. सेट चालू केल्यावर ते हळूहळू लाल व्हायला लागले तसे ह्यांचे गाल वर यायला लागले. मग मीटरच्या काट्यावर डोळे लावून एक एक बटण फिरवत बसले. बहिऱ्या माणसाला काटा दिसतो, तेवढ्यावर ते सेट असा जुळवत की कानवाल्यांना जमणार नाही. काट्यानं हवी तशी डुबकी मारली आणि ह्यांनी मांडीवर थाप दिली.

"झालं! चला, सरांना कळवू, सूनबाई पोचल्या म्हणून."

"नको!" मी म्हणाले. त्याच क्षणी शैलजाही म्हणाली, "नको!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं, हिला का नको?

"सर आत्ता झोपले असतील," ती म्हणाली.

"आणि ह्यांचा कान दुखतोय सकाळपासून," मी म्हणाले.

ह्यांना दोन्ही ऐकू आलं नाही. मी खांद्यावर हात ठेवायच्या आत त्यांनी फळीवरचे हेडफोन काढून डोक्याला लावले. इतक्या वर्षांत ते हेडफोन त्यांनी शिवले नव्हते. पाहुणीसमोर रुबाब! आणि त्याची पिन सेटला खुपसायला विसरले. वायर मांडीवर लोंबत होती आणि सेटच्या स्पीकरमधून सगळी खरखर खोलीभर ऐकू येत होती. शैलजानं पिन बघितली. मग स्पीकर बघितला. मी डोळे मिटून घेतले.

मग ह्यांनी खटका हातात घेतला.

तारबाबूचा हात! रेल्वेचा, पोलादी, भरधाव, एकही ठोका वाकडा नाही. सरांना त्यांनी एकदा हाक मारली, थांबले, परत मारली. स्पीकरमधून ठोका न् ठोका खणखणीत उमटत होता. मी डोळे उघडले तेव्हा शैलजा भिंतीला टेकली होती.

"हा... हा काकांचा हात नाही," ती पुटपुटली.

हे आपले मान डोलावत, ऐकू न येणाऱ्या खरखरीत उत्तर शोधत बसले होते. हे नाटक थांबवायला हवं म्हणून मी पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावर दाबलं: उत्तर नाही. उठा आता.

शैलजाचे डोळे माझ्या बोटांवर होते. ती वाचत होती. शेवटचं अक्षर दाबून मी बोट उचललं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला.

मला वाटलं, संपलं. आता ही जाऊन सरांना सगळं सांगणार. मी तिच्यापुढे हात जोडले. "हे बघा, तुमच्या पाया पडते. सरांना सांगू नका. ह्यांना ऐकू येत नाही, मी बोलते. दुसरं काही पाप नाही त्यात. सरांना कळलं तर ते माझ्याशी..."

तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही. ती भिंतीपासून सुटली आणि मागच्या फळीकडे गेली. तिथं ह्यांनी पूर्वी गल्लीतल्या पोरांना मोर्स शिकवायला केलेला एक बझर होता, फळकुटावर खटका आणि सेल. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"सुप्रभात मगदूम," बझर वाजला. "गुडघा कसा आहे?"

लांब ठोका किंचित ओढलेला. शब्द संपला की क्षणभर थबकायचं.

मी फरशीवर बसलेच. कणसे सर माझ्या घरात होते. माझ्यापासून हातभर अंतरावर, निळ्या सुती साडीत, गळ्यात काही नाही, डोळ्यांतून धारा. माझ्या डोक्यातला तो धोतर-कोटातला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा कुठे गेला, कळेना. मी मूर्खासारखी दाराकडे बघितलं, कुणी मागून आलंय का म्हणून.

"सर कुठायत?" मी कसंबसं विचारलं.

"सर गेले, काकू. माझे मिस्टर गेले त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी." ती माझ्यासमोर खाली बसली. ह्यांची पाठ आमच्याकडे होती आणि ह्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आम्ही उघड बोलत होतो. "माझं लग्न झालं तेव्हापासूनच सरांचा हात थरथरायचा. ते सांगायचे, मी दाबायची. एकदा म्हणाले, मगदूमचा हात बदललाय, म्हातारा झाला वाटतं."

"मी बसले होते तेव्हा."

"हो ना! ते गेल्यावर मी सेट लावून नुसतीच बसायची. तुम्ही हाक मारलीत, सर आहात का? मी काय सांगू? मी म्हटलं, आहे. दुसऱ्या दिवशी परत हाक आली, परत म्हटलं, आहे. मग नाही म्हणायचं राहूनच गेलं."

"म्हणजे त्या सकाळी, सेट बंद करतोय म्हणालात..."

"मीच होते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी चपला घालूनच सेटवर बसले होते, काकू. घाटावर जाणार होते. कृष्णेला पाणी होतं. न सांगता जाऊ नये, एक माणूस रोज चौकशी करतो, म्हणून निरोप घ्यायला बसले. निरोप घेऊन उठणार, तर तुमच्या सेटमध्ये बिघाड!"

मी इतकी वर्षं समजत होते, की एका म्हाताऱ्याला त्याची हौस सोडू दिली नाही. आणि इथं एक तरणी पोर चपला घालून बसली होती. मी ऐनवेळी दुसरं काही बोलले असते तर? नमस्कार सर, तब्येतीला जपा, असं? नेहमी तेच तर म्हणायची.

"खरं सांगा," तिनं माझा हात धरला. "काय झालं होतं सेटला?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"काही झालं नव्हतं. ठणठणीत होता."

तिनं माझ्याकडे अशी नजर लावली की मी मान खाली घातली. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि मध्येच माझ्या दंडावर तिनं एक चापट मारली. "महिनाभर! महिनाभर मी सरांची पुस्तकं काढून रात्र रात्र वाचत होते, बिघाड सापडत नाही म्हणून! मला काही कळत नव्हतं त्यातलं!"

"मला तरी कुठं कळत होतं!" मी म्हणाले, आणि मग मीही रडले. आम्ही दोघी फरशीवर बसून एकमेकींचे हात धरून रडत होतो. शेजारची शांताबाई खिडकीतून डोकावली असती तर तिला वाटलं असतं, घरात कुणी गेलं.

"आलं का उत्तर?"

आम्ही दचकलो. ह्यांना तर विसरूनच गेलो होतो. हे तसेच पाठमोरे, सेटकडे तोंड करून, डोक्याला हेडफोन लावून बसले होते. मी डोळे पुसत उठले. आता ह्यांना काय सांगू? सर ह्यांचे सर्वांत जुने दोस्त. ते जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे रोज सकाळी मला विचारत, "काय म्हणत्यात सर?" आणि मी सांगत असे. ह्या वयात ते कसं सोसणार? शैलजानं मानेनं नको म्हटलं. मी खांद्यावर हात ठेवला आणि दाबलं: आलं.

"काय म्हणत्यात?"

माझं बोट तिथंच थांबलं.

ह्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि खुर्ची वळवली. आम्हा दोघींची रडकी तोंडं बघितली, फळीवरचा बझर जागचा हललेला बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं.

"सर जाऊन लई दिस झालं," ते म्हणाले. कान गेल्यापासून पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "मला तवाच समजलं. कराडच्या स्टेशनमास्तरनं पत्र घालून कळवलं हुतं." मग शैलजाकडे बघून म्हणाले, "कोण बोलतंय, तेवढं मातुर ठाऊक नव्हतं. आज डबा घिऊन पुढ्यात उभी राह्यलीस, तवा कळलं. म्हटलं, ह्या दोघी आपणहून काय बोलायच्या न्हाईत. हाक मारूनच बघावं."

म्हणजे तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून पेपरची घडी घालून पँट चढवायला गेलेला हा माणूस, तेव्हाच सगळं जाणत होता! दुपारपर्यंत एक हात खिशात घालून चांगल्या सेटची व्होल्टेज मोजत बसला, ते कुणासाठी? मला राग आला, की रडू आलं, की दोन्ही, आजही सांगता येत नाही. मी त्यांचा खांदा धरला आणि बोट दुखेल इतक्या जोरानं दाबलं: मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं," हे म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू कुणाला हाक मारली असतीस?"